पाठकभावजींचं दगडांचं पिंप

पाठकभावजी रोज सकाळी आमच्या मोरीचं पाणी हुंगायचे. नाक न मुरडता. मग विचारायचे, "वहिनी, काल तळण होतं?" असायचं. घरात काय शिजलं ते शेजाऱ्याला मोरीवरून कळावं, हे मला मुळीच आवडत नसे. पण माणूस इतका गंभीर की भांडताही येईना.

चिंचवड स्टेशनजवळ आमची बैठी चाळ होती. सगळे कारखान्यातले, गावाकडून आलेले. पाठकभावजी कंपनीत सांडपाण्याचं बघायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही, जेवण कँटीनमध्ये. चाळीमागे त्यांनी एक पिंप उभं केलं होतं. बुडाला भोकं, आत मुठीएवढे दगड. सगळ्या मोऱ्यांचं पाणी एका खड्ड्यात जमायचं. ते बादलीने उपसून पिंपावरच्या भोकाच्या डब्यात ओतायचे, की दगडांवरून थेंबथेंब उतरायचं. दगडांवर बुळबुळीत थर धरला होता.

"हा थर जिवंत आहे, वहिनी. पाण्यातली घाण हा खातो."

वरून किती घाण गेली, दगडांची रास किती उंच, यावरून खाली पाणी किती स्वच्छ येणार ते भावजी आधीच कागदावर काढायचे. दर गणिताची सुरुवात "धरून चालू" अशी. धरून चालू, पाणी सारखंच येतंय. मग खालचं पाणी बाटलीत घेऊन तपासायचे. जुळलं की घरोघरी साखर.

पिंपामुळे चिलटं फार झाली. शेजारची लातूरची शेवंता ओरडायची, "अवो भाऊजी, ह्या चिलटांचं बी गणित मांडा की!"

"मांडलंय," भावजी म्हणायचे. थट्टा त्यांना कळतच नसे.

जूनमध्ये कंपनीचे मोठे साहेब पिंप बघायला येणार होते. पसंत पडलं तर कंपनीत असंच मोठं बांधणार. नाहीतर घाण पाणी नदीत जातंय ते जातच राहणार. भावजींची झोप उडाली होती.

आणि मे महिना लागला. शाळांना सुट्टी पडली, चाळ गावाला गेली. आमचे हेही मुलांना घेऊन साताऱ्याला गेले. माझा पाय मुरगळला होता म्हणून मी मागे राहिले. भावजी कोरड्या खड्ड्याकडे बघत उभे.

"थर उपाशी मरेल, वहिनी. गणितात मे महिना धरलाच नाही."

"दरवर्षी येतो की."

त्यांनी खिशातून कागद काढला आणि त्यावर 'मे' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून फोडणीचा वास आला. लंगडत जाऊन बघितलं, तर चार ताटं वाढलेली. वरण, भात, लिंबाची फोडसुद्धा. जेवणारे एकटे भावजी.

"कोण येणार आहे?"

"कुणी नाही. थराला निदान चार माणसांचं खरकटं पाणी लागतं. धरून चालू, चौघं जेवताहेत."

"मग वरण सरळ पिंपात ओता."

"छे! जेवून धुतलेल्या ताटाचंच पाणी हवं. गणित तसं मांडलंय."

चार ताटं एकटा माणूस संपवणार कशी? मी एका ताटावर बसले. वरणात मीठ नव्हतं. तसं सांगितलं. पुढे महिनाभर रोज सांगितलं. उरलेल्या दोन ताटांना स्टेशनवरचे हमाल मिळाले, ते मात्र मुकाट्याने जेवले.

थर जगला. साहेब आले, नाकाला रुमाल लावून खालचं पाणी बघितलं, आणि मोठं बांधायचं ठरलं. चाळ परत भरली, मोऱ्या वाहू लागल्या. त्या दिवशीही भावजींकडून फोडणीचा वास आला. दारातून बघितलं. चार ताटं.

"आता कशाला, भावजी? खड्डा भरलाय."

ते ताटातला भात सारखा करत राहिले. "थराला सवय लागलीय, वहिनी. एकदम तोडता येत नाही."

मी घरी आले आणि दोन्ही मुलांना उठवलं. "जा रे, पाठककाकांकडे जेवा. मिठाचा डबा घेऊन जा. आणि ताटं धुवायची नाहीत, तशीच ठेवून यायची."