सरूबाईंचा टँकर

मी एकदा सर्व्हरला लिंबू-मिरची बांधली आहे. चांगली इंजिनिअर होते, पोरांना जावा प्रोग्रॅमिंग शिकवत होते, आणि तरी बांधली. नात हे ऐकून अजून हसून लोळते.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात पाण्याच्या टँकरची नोंदणी चाले. पाऊस नाही, आणि नव्या कॉलन्या मात्र उगवतायत. नोंदी तीन मशीनच्या मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, सारख्या ठेवलेल्या. बदल तिघांना मान्य असेल तरच पक्का, नाहीतर सगळाच रद्द. हे बसवणारा गंगापूरचा काकडे जगायचाही तसाच. चहा सांगताना चौघांना विचारायचा. एकानं 'नको' म्हटलं, की "सगळ्यांचं 'हो' नाय? मग रद्द!" उरलेले आम्ही त्या एकाला शिव्या घालत बसायचो.

एका दुपारी कुणा शेजारणीचा फोन आला, "सरूबाई वारल्या हो, यादीतून त्यांचं नाव काढा." मी काढलं. सकाळी ड्रायव्हरच्या यादीत सरूबाई हजर! पुन्हा काढलं, पुन्हा आल्या.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, घराला कुलूप हाय. पण फोन लावला की कुनीतरी उचलतंय. बोलत नाय. अन् हौदाचं झाकण उघडंच असतंय."

मग ते लिंबू. सगळं ऑफिस हसलं. काकडे तेवढा हसला नाही.

लिंबू वाळलं, सरूबाई येतच राहिल्या. त्यांच्यापायी दुसऱ्या एका गल्लीची फेरी बुडत होती. तिथल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन ऑफिसात येऊन बसल्या. शेवटी मीच टँकरमध्ये चढले, मुठीत अंगारा घेऊन.

दाराला खरंच कुलूप. ड्रायव्हरनं फोन लावला. आत, त्या बंद घरात, फोन वाजला. वाजायचा थांबला.

"सरूमावशी, पाणी आलं!" ड्रायव्हर फोनमध्ये ओरडला. माझा अंगारा मुठीतच भिजला.

तेवढ्यात मागच्या दारानं काकडे बाहेर आला. हातात सरूबाईंचा जुना फोन.

"मावशीनंच वाढवलं मला," तो म्हणाला. "पाणी शेजारी नेतात. मी नुसती ही हाक ऐकायला येतो. तिला हाक मारणारं दुसरं कोण उरलंय?"

तिसऱ्या मशीनला त्यानं ट्रान्झॅक्शनबाहेर, म्हणजे तिघांच्या त्या 'हो-नाही'बाहेर, काढलं होतं. ते नवं नाव घ्यायचं, पण काढलेलं ऐकायचं नाही. आणि सकाळची यादी तिथूनच निघायची. कुणाच्या लक्षात येणार? त्या वर्षांत नाव काढायला येत होतं कोण!

दुसऱ्या दिवशी सेटिंग त्यानंच नीट केली. मी सरूबाईंचं नाव निवडलं आणि बटणावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

"मशीनचं 'हो' लगेच येतं, ताई. माझंच राहिलं होतं. दाबा आता."