पाच सेकंदांपुरता मोकळा हात

ट्रॅफिक जॅमवर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे, तो म्हणजे आमचा जनार्दन तांडेल.

तांडेल डोंबिवलीत माझ्याच सोसायटीत राहतो आणि माजिवड्याला माझ्याच ऑफिसात स्टोअर सांभाळतो. गेली सहा वर्षं मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून कामावर जातो. तो मूळचा ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. पन्नाशी उलटलेली, डोक्याला लालभडक हेल्मेट आणि आवाज असा, की शेजारच्या होडीला हाक मारायची सवय अजून गेलेली नाही. मला तो ‘मास्तर’ म्हणतो. मी परचेसला कारकून आहे, पण शुद्ध बोलतो. त्याला तेवढं पुरतं.

शिळफाट्याला गाडी अडकली की तांडेल शिव्या घालायचा. मुंब्र्याला अडकली की त्याहून ठेवणीतल्या. पण कळव्याच्या खाडीपुलावर गर्दी दिसली की स्वारी खुलायची. “मास्तर, फुल जाम हाय आज,” हे तो पगार झाल्यासारखा सांगायचा. मग हँडल सोडून खाडीकडे बघायचा, हात वर करायचा, खाली घ्यायचा. मला वाटायचं, आळस देतोय.

पुढे तिथे नवा पूल झाला आणि गाड्या सुसाट जायला लागल्या. सगळ्यांना हायसं वाटलं, एक तांडेल सोडून. तिसऱ्याच दिवशी त्याला थ्रॉटल लॉकचं वेड लागलं.

ज्यांनी मोटरसायकल फक्त मागे बसून अनुभवलीय, अशा माझ्यासारख्यांसाठी सांगतो. गाडी चालत राहायला उजवी मूठ सतत पिळून धरावी लागते. सोडली की गाडी मंदावते. ती मूठ पिळलेल्या जागीच अडकवून ठेवणारी वस्तू म्हणजे थ्रॉटल लॉक. लडाखला वगैरे जाणारे लोक ती लावतात. डोंबिवली-ठाणे रस्त्यासाठी ती घेणं म्हणजे बैठ्या घराला लिफ्ट बसवणं.

“मनगट दुखतं का तुझं?” मी विचारलं.

“नाय.”

“मग कशाला हवंय?”

“हात मोकला पायजे.”

फार खोदलं तर तो होडीच्या विषयावर जायचा. त्याच्या मते मोटरसायकल बनवणारे लोक जन्मात होडीत बसलेले नसतात. “होडीचा मशीन चालू केला, रेसची दोरी बांधली, की मानूस दोन्ही हातांनी जालं वडायला मोकला. आनि ही फटफटी बघ. उजव्या हातानं नाक खाजवायची सोय नाय.”

मग दर शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की आमची वरात दुकानांतून फिरू लागली. माझी घरी जायची सोय तीच असल्यामुळे मला पर्याय नव्हता. टेंभी नाक्याजवळच्या दुकानात प्लास्टिकची एक पसरट पट्टी मिळाली. ती मुठीवर चढवायची आणि तळव्याने दाबून ठेवायची. तांडेलने ती उलटसुलट करून पाहिली. “हा तर भात वाढायचा चमचा. आनि हात याच्यावर ठेवायचाच हाय, तर मोकला कुठं झाला?” दुकानदाराने पट्टी परत खोक्यात ठेवली.

कल्याणला स्टेशनजवळच्या दुकानदाराने थेट इलेक्ट्रॉनिक क्रूझ कंट्रोल काढलं. बटणं दाखवली, वायरी दाखवल्या, उत्साहाने बाहेर येऊन तांडेलची गाडी पाहिली आणि हळूच म्हणाला, “काका, हे बसवायचं तर आधी गाडी बदलायला लागेल.”

त्याच्याकडेच लोखंडी कडीचा लॉक होता. खटका दाबला की मूठ जाम, पुन्हा दाबला की मोकळी. तांडेल स्टुलावर बसला, समोर नमुन्याचं हँडल धरलं आणि डोळे मिटून सराव सुरू केला. खटका, हात वर, हात खाली, खटका. गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली.

“काका, किती वेळ टिकायला पाहिजे? लोक तासाचं विचारतात.”

“पाच सेकंद.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

तो लॉक घेतला, बसवला, आणि कल्याण-शीळ रस्त्यावर त्याची परीक्षा झाली. खटका दाबला गेला. पुन्हा काही दाबला जाईना. तांडेलने क्लच ओढला, इंजिन किंचाळायला लागलं, मी रामरक्षा चालू केली. शेवटी त्याने चावी फिरवून गाडी बंद केली, तेव्हा आम्ही एका नर्सरीच्या जास्वंदीच्या कुंड्यांना टेकलो होतो.

मी उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा अशुद्ध बोललो. मग म्हणालो, “सोमवारपासून मी बसने जाणार. तू मर तुझा हात मोकळा करून.”

तांडेल कुंडीशेजारी बसला. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

“मास्तर, एक सांग. डाव्या हातानं कुनी नमस्कार करतं का?”

“कुणाला?”

“बाबाला.”

तेव्हा कुठे त्याने मला सगळं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तांडेलने होडीचं इंजिन विकलं. खाडीत मासळी उरली नव्हती, नोकरी लागली होती, त्या पैशांत ही मोटरसायकल आली. “मशीन इकून फटफटी घेतली,” एवढं बोलून त्याचा म्हातारा बाप जो गप्प झाला, तो आजपर्यंत. तो तांडेलच्या धाकट्या भावाकडे कोळीवाड्यात राहतो. रोज सकाळी पुलाजवळ, काठावर पालथ्या घातलेल्या त्याच होडीवर बसून जाळं शिवतो.

“घरी जाऊन भेट की.”

“गेलेलो. भिंतीकडं तोंड करून बसला. म्हनून मग पुलावरनं हात करायचो. जाम असला की निवांत. आता पूल मोकला झाला आनि हात अडकला. मूठ सोडली की मागचा ट्रक अंगावर येतो. एकदा डाव्या हातानं केला. तर भाऊ बोलला, बाबानं तोंड फिरवलं.” त्याने हेल्मेटवरची माती पुसली. “म्हंजे बघतो तो, मास्तर. बघत असल्याबिगर कनचा हात हाय ते कसं कललं?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. सहा वर्षं या माणसाच्या पाठीमागे बसून मी पुलावर मोबाईल बघत होतो, याची लाज वाटली. माझे वडील वरच्या खोलीत राहतात आणि मी त्यांना चहा खालूनच ओरडून विचारतो.

लॉक त्याने परत केला. शेवटी इलाज निघाला तो रबराच्या जाड कडीचा. मुठीच्या टोकाला ती अशी बसवली, की हात सोडल्यावर मूठ क्षणभर तिथेच चिकटून राहावी आणि हाताने जरा फिरवली की सुटावी. खटका नाही, बटण नाही. आठवडाभर त्याने रिकाम्या रस्त्यावर एकट्याने सराव केला. मग मला बोलावलं.

“माझं काय काम?”

“मना रस्त्यावर डोला ठेवायला लागंल. तू बघ.”

सोमवारी सकाळी आम्ही पुलावर चढलो. पुढे मागे रस्ता मोकळा होता. “घट्ट धरून बस मास्तर,” तो म्हणाला, मूठ सोडली आणि उजवा हात कपाळाला लावून वर केला. गाडी होती त्याच वेगाने चालत राहिली. मी काठाकडे पाहिलं. पालथी होडी, तिच्यावर पांढऱ्या टोपीतला म्हातारा, मांडीवर जाळं. त्याने मान वर केली. सुई खाली ठेवली.

तांडेलचा हात मुठीवर परत आला. पूल संपल्यावर त्याने विचारलं,

“काय केलं रं त्यानं?”

“हात केला,” मी म्हणालो.

तांडेलने गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मागे वळायचं धाडस त्याला होईना.

“कनचा?”

“उजवा.”