मुळाला हात लावायचा नाही

आमच्या आशेरकाकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पूर्ण संपवलेली नाही. साबणाची चिपटी उरली की ती नव्या वडीला चिकटवतात. चहाच्या डब्यात चमचाभर जुनी पत्ती असतानाच वरून नवी ओततात. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या ताटात एक जिलबी कायम तशीच असते. वाढप्याला वाटतं काका लाजतायत, म्हणून तो आणखी दोन वाढतो. काका त्या दोन खातात. पहिली जागेवरच.

"काका, ती एक कुणासाठी ठेवलीत?" मी एकदा विचारलं.

"ते मूळ आहे, बाई. मुळाला हात लावायचा नाही. वर येतं ते खायचं."

मी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळं कंपाउंड मला बाई म्हणतं. भिंगारच्या रस्त्याला आमच्या ख्रिस्ती मंडळीचं हे कंपाउंड. मध्ये चर्च, भोवती आमची घरं. काका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात, त्यामुळे त्यांचा सगळा तऱ्हेवाईकपणा मला तिकिटाशिवाय बघायला मिळतो.

हे मुळाचं वेड त्यांना ट्रस्टमुळे लागलं, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. आमच्या जुन्या माणसांनी जाताना कुणी रान, कुणी घर, कुणी हातातल्या बांगड्या मंडळीच्या नावे केल्या. त्या सगळ्याचा एक ठेव-निधी आहे. दस्तात लिहिलंय की मूळ जपायचं आणि त्यातून जे पिकेल त्यावर खेड्यापाड्यांतली चर्चं दुरुस्त ठेवायची, गावोगावच्या उपासना चालवायच्या, गोरगरिबांची लेकरं सांभाळायची. काका नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होते. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्याच वर्षी मार्थाकाकू वारल्या. घरात एकटा बसून माणूस खचेल, म्हणून आम्ही त्यांना विश्वस्त करून मालमत्तेचं काम दिलं. पुढे खचायची पाळी आमच्यावर आली.

उपासनेत सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात, तेव्हा काका डोळे उघडे ठेवून वर बघत असतात. आमच्या पाळकसाहेबांना दोन वर्षं वाटत होतं, की या माणसाची आकाशातल्या बापावर केवढी नजर लागलीय! त्यांनी एका उपदेशात तसा दाखलाही दिला. उपासना संपल्यावर काका त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "सलाम, साहेब. डावीकडून तिसऱ्या वाशाला वाळवी लागलीय."

आणि त्यांचं विरजण! तो तर आमच्याकडे चेष्टेचाच विषय. कुणाचं दही नासलं की काकांकडे वाटी घेऊन जायचं. देतात, अगदी आनंदानं देतात, पण दुसऱ्या दिवशी लागलेल्या दह्यातलं चमचाभर परत आणून दाखवायचं. ते चाखणार, डोळे बारीक करणार, मग निकाल. "दूध जास्त गरम होतं" किंवा "बरं लागलंय". पुण्याला लेकीकडे दोन दिवस गेले तरी विरजणाची डबी पिशवीत असते. लेक कपाळाला हात लावते. "पप्पा, पुण्यात दही मिळतं हो!"

"मिळत असेल," म्हणून काका डबी तिच्या फ्रिजमध्ये ठेवतात.

तर यंदा आमचे अध्यक्ष वसंतराव यांनी एक ठराव आणला. घोडेगावच्या बाजूला ट्रस्टचं विहिरीचं रान आहे, ते विकायचं आणि कंपाउंडात लग्नाचा हॉल बांधायचा. विश्वस्तांचं बहुमत झालं तर धर्मादाय आयुक्तांकडे विकायची परवानगी मागता येते. आम्ही सात विश्वस्त. खरं सांगते, मीसुद्धा हॉलच्या बाजूची होते. भाचीच्या लग्नात हॉलवाल्यानं आमच्याशी जी अरेरावी केली, ती मी विसरले नव्हते.

सभेत काका उठले. "हॉल बांधाल. त्याला एसी लावाल. एसी बिघडेल. रान बिघडतं का?"

"काका, आपल्या लोकांची सोय आहे ही," वसंतराव म्हणाले. माणूस वाईट नाही, फक्त घाईचा.

"मुळाला हात लावायचा नाही."

"अहो, ही तुमची जिलबी नाही!" वसंतराव म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार फिरायला लागले. प्रत्येक विश्वस्ताच्या घरी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. भांडले नाहीत, रडले नाहीत. एकच मागणं होतं, "शनिवारी रान बघायला चला. मग खुशाल विका." चौथ्या दिवशी वसंतरावांच्या बायकोनंच नवऱ्याला सांगितलं, "जाऊन या हो एकदाचे. माझी चहापत्ती संपत आली."

शनिवारी काकांनी टेम्पो ठरवला. सकाळी ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि काका घरातून एकेक वस्तू आणत होते. सतरंजी, पाण्याचा जार, शेवटी दह्याचा मोठा स्टीलचा डबा. "विश्वस्त मंडळी उपाशी राहायला नकोत," म्हणाले.

रानात ज्वारी उभी होती. कडेलाच मंडळीचं वसतिगृह. ऊसतोडीला जाणारे आईबाप आपली लेकरं तिथं ठेवून जातात. त्या लेकरांना त्यांचा धर्म कुणी विचारत नाही. रान वाट्यानं करणारा भानुदास डोक्याचं उपरणं काढून पुढे आला.

"काका सांगत्यात म्हून न्हाई बोलत, सायेब. माजी भन आन् दाजी कोयता घिऊन कारखान्यावर गेल्यात. त्यांची दोन लेकरं हितं हायेत. ह्या रानाची ज्वारी हाय म्हून हायेत. न्हाईतर उसाच्या फडातच असती. शाळा कवाच सुटली असती."

वसतिगृहात आम्ही लेकरांच्याच पंगतीला बसलो. भाकरी, पिठलं आणि काकांचं दही. काका स्वतः वाढत होते. वसंतरावांनी शेजारच्या मुलीला विचारलं, "आईबाबा कधी येणार गं?"

"ऊस संपल्यावर," ती म्हणाली आणि जेवत राहिली.

वसंतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग समोरचा डबा ओढून त्यांनी तळाचं दही त्या तुकड्यानं स्वच्छ पुसून घेतलं, खाल्लं आणि म्हणाले, "काका, ठराव मी मागे घेतो. हॉलचं दुसरं काहीतरी बघू."

मी टाळ्या वाजवल्या. काकांकडे पाहिलं तर ते त्या रिकाम्या डब्याकडे बघत होते. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आनंद झेपला नाही.

परतताना टेम्पोत ते सारखे डब्याचं झाकण उघडून आत बघत होते. दिवस मावळायच्या सुमारास कंपाउंडाच्या फाटकाशी उतरलो, तेव्हा मी चिडून म्हटलं, "काका, जिंकलात की! आता काय झालं?"

"बाई, सकाळी घाईत चमचाभर काढून ठेवायचं राहिलं."

"काय काढून ठेवायचं?"

"विरजण." त्यांनी डबा पोटाशी धरला होता. "मार्था गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं दही लावलं होतं. त्यातलंच आजवर पुढं लावत आलो. अकरा वर्षं रोज तिच्याच हातचं खाल्लं. आज मीच संपवलं."

एवढं बोलून ते घरात गेले. मला माझी, आणि त्या सभेत हसलेल्या आम्हा सगळ्यांची लाज वाटली. फाटकाशी तशीच उभी राहिले. आणि मग एकदम आठवलं. परवाच माझं दही नासलं होतं. परवाच मी वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले होते. काल त्यांनी चाखून "बरं लागलंय" म्हटलं होतं.

मी घरात अक्षरशः पळाले. वाटी भरली आणि त्यांच्या दारात उभी राहिले. काकांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्याचकडून नेलेलं," मी म्हटलं. "पाळकसाहेबांकडेही आहे. त्या कोपऱ्यावरच्या नर्सबाईंकडेही असेल. अर्धं कंपाउंड काकूंच्याच हातचं खातंय, काका."

काकांनी वाटी घेतली. आत जाऊन दूध कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं, माझ्या वाटीतलं एक चमचा दही त्यात घातलं आणि उरलेली वाटी मला परत दिली. मी म्हटलं, सगळंच ठेवा. ऐकेनात.

मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत माझ्यामागे दारापर्यंत आले.

"बाई, उद्या सकाळी येतो. चमचाभर आणून दाखवतो. कसं लागलंय ते तुम्ही सांगा."