भारी पेट्रोल आणि राजूरचा घाट

"ते भारी पेट्रोल टाकलं ना, तं गाडी घाट असा चढते का…"

एवढंच मी मलकापूरच्या पंपासमोर ऐकलं आणि माझी एस.टी. सुटली. बोलणारा कुण्या डॉक्टरच्या मोटारीचा ड्रायव्हर होता. त्याचं पुढचं वाक्य धामणगाव बढ्याला उतरेपर्यंत मी स्वतःच पूर्ण केलं. (सातवी पास माणसाला तेवढं जमतं.) उतरलो तो थेट शेजारी, नारायणरावांच्या ओसरीवर. त्यांना सांगितलं की नवं पेट्रोल आलंय, थोडं महाग आहे, पण गाडी घाट न थांबता चढते आणि वर मैलही जास्त देते. (मैलांचं मी पदरचं घातलं.)

नारायणरावांची जुनी ऑस्टिन सपाटीवर सुरेख पळायची, पण राजूरच्या घाटात तिसऱ्या वळणावर हटकून बसायची. त्यांच्या कोकिळाची सोयरीक बुलढाण्याला जुळत होती. मागे बोलणी करायला गेले तेव्हा गाडी ढकलून ढकलून सगळे घामाघूम, धोतरं धुळीने माखलेली. मुलाच्या आईने दारातच विचारलं, "मोटारीत आले, का मोटारीले घेऊन आले?" मुलाचे काका गुलाबराव तर तेव्हापासून नाक मुरडून होते. आता गुरुवारी सुपारी फोडायला जायचं, आणि पुन्हा तसंच ध्यान होऊन पोचलो तर सोयरीक मोडलीच म्हणून समजा.

बुधवारी मी स्वतः जाऊन डबा भरून ते पेट्रोल आणलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सुपारीला शेजारपाजारचे चार लोक न्यावेच लागतात, आणि गाडीत जोर आला म्हटल्यावर माणसं काऊन सोडायची? मी गल्लीभर आमंत्रण दिलं. पाचांच्या गाडीत नऊ बसलो.

पहिलं वळण झालं, दुसरं झालं. मी मागून पेट्रोलचे गुण सांगत होतो. तिसऱ्या वळणावर गाडीला धाप लागली. चालवायला नारायणरावांचा मेहुणा शालिग्राम होता. तो म्हणाला, "थांबली तं मंग उठत नाही, बाप्पा. एखाद्यानं उतरा." सगळ्यांची धोतरं कोरी. कुणी हलेना. शेवटी कोकिळाची आई, अन्नपूर्णाबाई, मागे वळल्या.

"भाऊजी, तुमीच उतरा. तुमच्यात दोघाचं वजन हाये."

मी चालत्या गाडीतून उतरलो, मागून दोन्ही हात लावले, आणि गाडी अशी निघाली की माझे हात हवेतच राहिले. पेट्रोलने निघाली की मी उतरल्याने, हे मला आजवर उमगलेलं नाही. शालिग्राम थांबला नाही. थांबला असता तर तिथेच मुक्काम होता.

उरलेला घाट आणि पुढचे दोन कोस मी पायी गेलो. पोचलो तेव्हा मुलाच्या वडिलांनी सुपारी हातात घेतली होती. नारायणराव पांढरंशुभ्र धोतर सावरत गुलाबरावांना नव्या पेट्रोलची महती सांगत होते. तेवढ्यात सगळ्यांची नजर माझ्याकडे गेली. हात काळे, गुडघ्यापर्यंत धूळ.

"हे कोन?" मुलाच्या आईने विचारलं. सुपारी तशीच हातात राहिली.

नारायणरावांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "आमचे शेजारी हायेत, निवृत्तीभाऊ. त्याहिले मोटार लागते. म्हून पायीच येतात."

"हाव," मी म्हणालो. "लहानपणापासून."

सुपारी फुटली.

निघताना मी हळूच गाडीच्या दाराशी सरकलो, तर गुलाबरावांनी माझा हात धरला. म्हणाले, मोटार लागते ना तुम्हाला, चला, मी घाटापर्यंत सोबत येतो. माणूस मोठा प्रेमळ निघाला. छत्री माझ्यावर धरून चालू लागला. आमच्या शेजारून ऑस्टिन गेली, आतले आठही जण दुसरीकडे बघत होते.

गाडी दिसेनाशी झाल्यावर गुलाबरावांनी हळूच विचारलं, "खरंच चढली का हो घाट? न थांबता?"

"माझ्या डोळ्यांपुढून चढली," मी म्हणालो. "एका माणसासाठीसुद्धा थांबली नाही."