तात्यांची आटलेली गाडी

चिमीच्या तोंडात उंदराचं बिस्कीट व्हतं, आन् ते तिनं गिळलं.

मी बोट घालून काढायला गेले तर ती मलाच चावली. निम्मं बिस्कीट सीटवर, निम्मं पोटात. भर दुपार, लाईट गेलेली, आमी मायलेकी दुसऱ्याच्या उभ्या गाडीत लपून बसलेल्या, आन् ते बिस्कीट तात्यांनी सकाळीच सगळ्या आळीदेखत "हे उंदरासाठी" म्हणून ठेवलेलं. उंदरासाठी ठेवलेल्या बिस्किटात काय घातलेलं असतंय हे कळायला लई शिकावं लागत न्हाई. मी तर चांगली सातवी पास व्हते.

तुमी घाबरू नका. चिमी आता पाचवीला हाय, आन् अजून चावते. पण त्या वक्ताला माझे पाय लटलट कापत व्हते. खोटं कशाला बोलू, एक पाय पोरीसाठी कापत व्हता आन् एक तात्यांसाठी. कारण विषाचं औषध विचारायचं तर तात्यांकडंच जायला पायजे, आन् तात्यांकडं गेलं की ते पहिलं विचारणार, "माझ्या गाडीत तू काय करत व्हतीस?"

तात्या म्हणजे आमचे घरमालक. नारायणगावात त्यांचं घर, वर ते एकटे, खाली पत्र्याच्या खोलीत आमी. मूळचे बोरी बुद्रुकचे. सगळा जन्म गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून गेला. डॉक्टर न्हाई, पण डॉक्टर आला न्हाई की हेच डॉक्टर. रिटायर झाले तरी हात काय गुरांवरनं निघाला न्हाई. कुठलीबी वस्तू बिघडली की हे तिच्या पाठीवरनं हात फिरवणार आन् विचारणार, "काल काय खाल्लं व्हतं हिनं?" माझा मिक्सर बंद पडला तरी हेच. आमच्या ह्यांचा टेम्पो टमाट्याची क्रेटं भरून दारात पंक्चर झाला, तर तात्या खाली वाकून म्हणतात, "मागच्या खुरात काय घुसलंय बग रे." टेम्पो उठंपर्यंत त्याला चुचकारत व्हते.

गाडी त्यांच्या पोराची. अवी बेंगलोरला मोठ्या कंपनीत. त्याच्या आदल्या दिवाळीला तो येणार व्हता. तात्यांनी चिवडा करून घेतला माझ्याकडनं, लसूण कमी, अवीला चालत न्हाई. पोरगं आलं न्हाई, ट्रकमधनं गाडी आली. त्यानं सोताला मोठी घेतली म्हणून ही जुनी बापाला धाडली. बॅटरीवर चालणारी, दोन दारांची, एवढीशी. पेट्रोल न्हाई, आवाज न्हाई. आळीतल्या बाया म्हणल्या, ही कणगीला चाकं लावल्यासारखी दिसती. तात्यांना गाडी चालवता येत न्हाई. आमच्या ह्यांना येती, पण तात्या म्हणाले, "नको. अवी आला की चालवंल." मंग ती शेवग्याच्या सावलीला उभीच राहिली. किल्ली आतच. कोण नेणार व्हतं?

आता हिच्यात बॅटऱ्या दोन. सीटखाली मोठी, चालायला. पुढं धाकटी, हॉर्न, दिवा, घड्याळ, पंखा असल्या बारक्या कामाला. तात्यांनी सगळ्या आळीला समजावलं, "मोठी म्हणजे पोट. धाकटी म्हणजे कास. पोट भरलेलं असलं तरी कास आटू शकती." आन् ती आटायचीच. आठ दिवस झाले की तात्या हॉर्न दाबून बगायचे. हॉर्न पीं म्हणायच्या ऐवजी म्यँ म्हणायचा. "आटली!" तात्या वरडायचे. मंग धाकटी बॅटरी पोत्यात गुंडाळून स्टँडजवळच्या गॅरेजात न्यायची, भरून आणायची, पुन्हा बसवायची, आन् पुन्हा आठ दिवसांनी म्यँ.

गॅरेजवाला म्हणला, "तात्या, बॅटरीच बदला." तात्यांना लई राग आला. "गाय आटली असं एकदम म्हणू नये राव. आधी वासरू सुटतंय का ते बगावं!"

म्हणून त्यांनी वासरू शोधायला घेतलं. बॅटरीची एक वायर सोडली आन् मधी बारका दिवा जोडला. म्हणाले, "गाडी झोपलेली हाय. तरीबी हा दिवा पेटला, तर समजायचं आत कोणतरी पितंय." आमी सगळे टक लावून बसलो. दिवा काय पेटला न्हाई. तात्या हनुवटी खाजवत म्हणाले, "झोपेत कोण पीत न्हाई. म्हंजे कोणतरी येऊन, उठवून पितंय." आन् त्यांनी सगळ्या आळीवरनं नजर फिरवली. मी धुण्याच्या दगडापाशी व्हते. माझ्या हातातला साबण जो सटकला तो गटारीत.

कारण वासरू मी व्हते.

त्या उन्हाळ्यात लाईट बारालाच जायची ती चार-पाचला यायची. पत्र्याखाली भाकरी सुद्धा तव्याबिगर भाजली असती. चिमी दीड वर्साची, अंगभर घामोळं, खाजवून खाजवून रगात काढायची. एक दिवस तिला घेऊन शेवग्याखाली उभी राहिले, गाडीचं दार उघडंच व्हतं. आत बसले. किल्ली अर्धी फिरवली तर समोरच्या जाळीतनं गार वारा आला. पोरगी पाच मिनटात झोपली. मीबी झोपले, तोंड उघडं टाकून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मंग रोजच, तात्या जेवून पडले की. मला काय म्हाईत पंखा बॅटरी पितो? मला वाटलं वारा काय, वारा फुकटच असतो.

जेव्हा कळलं तेव्हा सांगायची हिंमत झाली न्हाई. आमच्या आधीच्या भाडेकरूनं तात्यांच्या मीटरवर आकडा टाकला व्हता. तात्यांनी त्याच दिवशी त्याची कॉट रस्त्यावर मांडली, वर गादीसुद्धा नीट घालून दिली. आमचे हे मला रोज टेम्पो काढताना सांगायचे, "मार्केटजवळ अशी खोली पुन्हा मिळायची न्हाई. तात्यांच्या वस्तूला हात लावू नको." मी म्हणायची, "मी कशाला लावतेय बाई?" दोन दिवस गाडीत गेले न्हाई. तिसऱ्या दिवशी चिमीची मान बगितली आन् गेले.

तात्यांनी मंग दुसरी तऱ्हा काढली. हरेक वस्तूचा एक फ्यूज असतो. दर रविवारी एक फ्यूज काढून ठेवायचा. तरीबी गाडी आटली, तर तो फ्यूज निर्दोष. पहिला घड्याळाचा. आठ दिवसांनी म्यँ. "निर्दोष! सोडा त्याला!" मंग हॉर्नचा, त्या हप्त्यात दिवा लावून बगायचे. मंग आतल्या दिव्याचा, मंग रेडिओचा, मंग दाराच्या कुलपाचा. मी बोटांवर मोजत व्हते. पंख्याचा शेवटी व्हता. एकेक निर्दोष सुटत चालला, तसा फास माझ्याकडं येत चालला.

तवा मी एक हुशारी केली. सांगायची लाज वाटते, पण सांगते. म्हणलं, सगळा आळ उंदरावर ढकलावा. उंदीर वायरी खातात हे सगळ्यांना म्हाईत. पण लेंड्या आणायच्या कुठनं? माझं माहेर आणे पठारावरचं, आईनं चटणीसाठी कारळं धाडलेली. काळी, बारकी, लांबट. चिमूटभर गाडीत टाकली, आन् दुसऱ्या दिवशी मीच बोंबलले, "तात्या, उंदीर! उंदीर!"

तात्या आले. चष्मा वर केला. एक लेंडी चिमटीत धरली, वास घेतला, आन् सगळ्या आळीदेखत तोंडात टाकून चावली.

"उंदीर चांगल्या घरातला दिसतोय," ते म्हणाले. "कारळं खातो."

लोकं हसून हसून खाली बसली. मी पण हसले, दुसरं काय करणार? आन् घरात जाऊन कारळाची पुडी डब्याच्या मागं सरकवली.

मंग आला तो रविवार. पाच फ्यूज निर्दोष सुटलेले, आता पंख्याचीच पाळी. सकाळी तात्यांनी जाहीर केलं, "आज शेवटचा आरोपी." मी घरातनं कान देऊन. मंग त्यांनी सीटवर एक बिस्कीट ठेवलं. शेजारची म्हणली, "हे काय वो तात्या?" "हे उंदरासाठी." आन् गेले वर. दुपारी मी बगायला गेले, म्हणलं पंखा गेला असंल, निदान सावलीत तरी बसू. किल्ली फिरवली तर पंखा सुरू! म्हातारा फ्यूज काढायला इसरला, आपलं नशीब, म्हणून मी डोळे मिटले. तेवढ्यात चिमीनं बिस्कीट गाठलं.

मी तिला काखेत मारून जिना चढले. चपला खालीच. मनात ठरवलं, सगळं सांगायचं. खोली जाऊ दे, कॉट रस्त्यावर येऊ दे, पण पोरगी वाचू दे.

वर तात्या फोनवर व्हते. रविवारी दुपारी अवीचा फोन यायचा. मला म्हाईत हाय तो फोन, जिन्यातनं ऐकू यायचा. गाडी आटायला लागायच्या आधी तो एवढाच असायचा, "जेवले का? औषध घेतलं का? बरं, ठेवतो." तात्यांना "हा" म्हणायला सुद्धा वेळ पुरायचा न्हाई.

आज तात्या मांडी घालून बसलेले, समोर ताट झाकलेलं, आन् बोलत व्हते. "अरे ऐक तर! पंख्याचाबी काढून बगितला. पुरे आठ दिवस बाहेर ठेवला. निर्दोष! आता मी म्हणतो पुन्हा पहिल्यापासून, घड्याळापासून बगू. का रे? तुला काय वाटतं?" तात्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज पुरा वाढवलेला. त्यातनं अवीचा आवाज येत व्हता. तो काय काय विचारत व्हता, हसत व्हता, "तात्या, तुमी पण ना!" म्हणत व्हता.

मी दारात तशीच. आठ दिवस कुठले? पंखा तर आता, या घटकेला, खाली चालू व्हता.

तात्यांनी मला बगितलं. चिमीच्या हनुवटीवरचा चुरा बगितला. रिसीव्हरवर हात ठेवला आन् हळूच म्हणाले, "साधं हाय ते. मी चहात तेच बुडवून खाल्लं." आन् पुन्हा फोनला, "थांब अवी, खालची पोर आलीय. तिला पण काहीतरी सांगायचंय गाडीचं."

आन् रिसीव्हर माझ्यापुढं धरला. तोंडावर काय न्हाई, राग न्हाई, हसू न्हाई. नुसती बोटं रिसीव्हरवर एवढी घट्ट, की पांढरी पडलेली.

माझ्या तोंडात सगळं तयार व्हतं. पंखा, किल्ली, कारळं, सगळं. जिन्यात पाठ केलेलं.

मी म्हणलं, "अवीदादा, मला पण घड्याळाचाच संशय येतोय."

"ऐकलंस का!" तात्या केवढ्यानं वरडले. "बाईमाणसाला सुद्धा कळतं!" तिकडनं अवी लई वेळ हसला. मंग म्हणला, असं करा तात्या, तुमी काय हात लावू नका, मी दिवाळीला येतो, मीच उघडून बगतो ते घड्याळ.

फोन कट झाला तरी तात्यांनी रिसीव्हर कानालाच ठेवला व्हता. मंग माझ्याकडं न बगता म्हणाले, "जा, पोरीला झोपव. ऊन हाय अजून."

मी खाली आले आन् पुन्हा गाडीतच जाऊन बसले, कारण मला दुसरं काय सुचलंच न्हाई. दिवाळीला पोरगं येणार, घड्याळ खोलणार, आन् त्यात काय सापडणार व्हतं? खरं बोलले असते तर गाडी त्याच दिवशी बरी झाली असती. बरी झालेल्या गाडीसाठी कोण फोन करतं? आता तुमीच सांगा, तो रिसीव्हर तुमच्यापुढं धरला असता, तर तुमी काय बोलला असता?