आई माळ आणि अकरा लेकी

चार माग, बारा नक्ष्या, प्रत्येक नक्षीची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची स्वतंत्र माळ, आणि हा गोंधळ शास्त्रीय पद्धतीनं निस्तरू शकणारा बी.एस्सी. एक. तो मी!

माग पुठ्ठ्यातली भोकं सांगतील तसं निमूटपणे विणतो. सगळ्या माळा मुळात साध्या चादरीच्या, फक्त फुलं वेगळी. म्हणून मी साध्या चादरीच्या माळेला ‘आई’ केलं, बाकीच्या अकरा लेकी! लेकीनं फुलं तेवढी स्वतःची आणायची. उरलेलं दर वेळी मागावर चढण्याआधी आईवरून उतरवून घ्यायचं. आईत बदल केला की लेकींत आपोआप! हा ‘आपोआप’ मी कारखान्यात इतका मिरवला, की पुठ्ठ्यांना भोकं पाडणारे विरुपाक्ष मला बघताच म्हणायचे, “आले आपोआप!”

एके दिवशी मालक गुरुबसप्पा जवळ येऊन बसले. धाकट्या भावासारखं ते मला ‘तम्मा’ म्हणत.

“तम्मा, सोमवारी तुझ्या मालकीणबाईला, कमलम्माला जाऊन वर्ष होतंय. कोपऱ्यात तिचं नाव विणून एक चादर दे. मला पांघरायला. एकच की! बाजारात नाव गेलेलं तिला खपलं नसतं.”

“नक्षी कुठली, मालक?”

“साधी. फुलं तिला कधीच आवडली न्हाईत.”

साधी म्हणजे आईच! मी आईच्या माळेत नाव घातलं.

मात्र मागावर आधी नातेपुत्याच्या हिंदुरावांच्या चादरी चढल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या आहेराच्या, फुलाफुलांच्या, साठ. विरुपाक्षांनी माझ्या नियमाप्रमाणे आईवरून माळ उतरवली. घडीत नावाचा कोपरा आत गेला, गठ्ठे रवाना!

रविवारी हिंदुराव पेढे घेऊन हजर.

“मालक, कमलम्मा छाप लई झ्याक! पाव्हण्यांनी साठच्या साठ उचलल्या. आनखी शंभर लावा की!”

गुरुबसप्पांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

“कुटला छाप?”

हिंदुरावांनी कौतुकानं पुन्हा सांगितलं. ते गेल्यावर मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिचं नाव विकलंस की रे, तम्मा. काढ ते. त्या मालावर परत दिसता कामा नये.”

काढलं! अकरा माळा कोण उसवत बसणार? आईतूनच काढलं. सगळीकडून आपोआप!

सोमवारी सकाळी साधी चादर मागावरून उतरली. मालकांनी ती मांडीवर घेतली. एक कोपरा बघितला. दुसरा, तिसरा, चौथा. मग चादर उलटी करून पुन्हा चारही.

“तम्मा,” ते हळूच म्हणाले, “हितं ती कुटं हाय?”

विरुपाक्षांनी माग बंद केला.

नातेपुत्यात साठ चादरींवर नाव होतं. घरातल्या एका चादरीवर नव्हतं.