ताडपत्रीखालचं ऊन

रुचिकाला सहावा महिना लागला आणि रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. अंगात व्हिटॅमिन डी अगदी तळाला! गोळ्या लिहून देत त्या म्हणाल्या, "सकाळचं ऊनही घ्या. बाळाची हाडं आईच्या अंगातूनच घडतात."

हे सासूबाईंच्या, म्हणजे पुतळाबाईंच्या काळजात रुतलं. मनोजच्या, म्हणजे रुचिकाच्या नवऱ्याच्या वेळी त्यांनी निजामपुऱ्यातल्या याच गल्लीत, कापडाच्या लूमच्या मागच्या काळोख्या खोलीत दिवस काढले होते. पोराचे पाय वाकले ते वाकलेच. तो दोष त्यांनी जन्मभर आपल्याच माथी घेतला होता. आता नातवंडाचं तसं होऊ द्यायचं नाही, म्हणजे नाही!

त्या सुनेला गच्चीवर घेऊन गेल्या. पण समोरच्या खिडकीच्या जाळीआडून एक तोंड रोज टक लावून बघायचं.

"बघतेय कशी टवली! नजर लावंल पोटाला."

त्या बाजूला साडी बांधली. साडी वाऱ्यानं उडाली, म्हणून चादर आली. मग बाकीच्या खिडक्या दिसू लागल्या, म्हणून चारी बाजूंनी चादरी. टाकीवर चढणारा प्लंबर वरून बघेल, म्हणून डोक्यावर ताडपत्री.

"आई, आत काळोख हाय."

"गरम होतंय ना? मंग ऊनच हाय ते. गप बस."

एवढ्या उन्हात वर गोळ्या उष्ण पडतील, म्हणून पुतळाबाईंनी त्याही बंद केल्या. महिनाभर बिचारी रुचिका आत वाफेवर शिजली.

पुढचा रिपोर्ट आणखी वाईट आला. रुचिकानं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई हसल्यासुद्धा नाहीत. "मावशी, ऊन अंगावर पडावं लागतं. आणि गोळ्या कुणाला विचारून थांबवल्या?"

रिक्षात पुतळाबाई ढसाढसा रडल्या. "दुसऱ्यांदा मीच केलं गो, माझ्याच हातानं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला गोळी देऊन, तिला घेऊन त्या गच्चीवर गेल्या आणि त्यांनी ताडपत्री, चादरी सगळं टराटरा ओढून काढलं. जाळीआड ते तोंड होतंच.

"बघ बाय, डोलं भरून बघ! लाव काय नजर लावायची ती! माझ्या सुनंला ऊन पायजे!"

बाई दचकली. "नजर कसली, मावशी? मी शकिला. मला पण सातवा चालू आहे. आमच्या घरात धूपच येत नाही. तुमच्याकडे येऊ का, विचारायचं होतं रोज. तुम्ही तर परदाच लावला."

पुतळाबाईंनी एक चादर झटकून रुचिकाशेजारी अंथरली.

"ये गो. जिन्यात काळोख हाय, हळू चढ."